घड्याळापेक्षा सामने बघ

एनएफएल ड्राफ्ट (अमेरिकन फुटबॉल लीगचे संघ त्यात कॉलेजचे खेळाडू निवडतात) पहिल्यांदाच बघतोयस म्हणून सांगतो, घड्याळाला भुलू नकोस. २००० साली कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) टॉम ब्रेडीनं ४० यार्ड ५.२८ सेकंदांत कापले, अगदी रखडत. निवड सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर. पुढे सात सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले!

पूर्ण सामने बघ, नुसती क्षणचित्रं नकोत. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) बचावपटू अंगावर येताना क्वार्टरबॅकचे पाय कसे हलतात, नजर कुठे असते? तिथे थांबव, मागे घे, पुन्हा बघ. ब्रेडीचा मिशिगन विद्यापीठाकडून शेवटचा सामना सगळ्यांसमोर होता. ऑरेंज बोल या कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात अलाबामाविरुद्ध त्यानं दोनदा १४ गुणांची पिछाडी भरून काढली होती.