'व्राउ मारिया' वर का काढत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: 'व्राउ मारिया' हे डच व्यापारी जहाज १७७१ साली फिनलंडजवळ बुडालं, १९९९ मध्ये सापडलं. त्यात रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने अॅम्स्टरडॅमच्या लिलावात घेतलेली चित्रं आहेत. मग सरकार ते वर का काढत नाही?

माझ्या मते काढत नाही तेच बरं. ते पाण्यात आहे म्हणूनच टिकलंय.

मी कोकणातला. पाण्यात पडून राहिलेल्या होडीची फळी हातात घेऊन बघा. वरून धड दिसते, पण मोडली की आत बोटभर जाडीची भोकंच भोकं, आणि प्रत्येक भोकाला आतून चुन्यासारखं पांढरं अस्तर. हे काम लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं. किडा म्हणतो आपण, पण तो खरा शिंपल्याच्या कुळातला. गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला पोर्तुगीज काळातल्या जहाजाच्या तोफा, नांगर, हस्तिदंत, चिनी मातीची भांडी मिळाली, पण जहाजाचं लाकूड फारसं उरलेलं नाही.

'व्राउ मारिया' जिथे बुडालं त्या बाल्टिक समुद्राचं पाणी आपल्यापेक्षा कितीतरी कमी खारं. तिथल्या त्या भागात हा किडा जगतच नाही. शिवाय थंडी आणि अंधार. म्हणून 'व्राउ मारिया' ४१ मीटर खोलीवर तळाशी सरळ बसलेलं आहे, डोलकाठ्यांचे खालचे भाग अजून उभे, आणि मालाची कोठारं भरलेली.

३ ऑक्टोबरला ते खडकावर आपटलं, ९ तारखेला बुडालं. खलाशी वाचले. मधले दिवस ते पंपाने पाणी उपसत होते, पण मालातल्या कॉफीच्या बिया पंपात अडकत होत्या. ही नोंद वाचली की मला नेहमी वाटतं, त्या जहाजात खरं काय होतं ते इथे कळतं: साखर, कॉफी, रंग, कापड. लोक फक्त चित्रांचं बोलतात.

आता वर काढलं तर? स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं 'वासा' हे जुनं युद्धजहाज १९६१ मध्ये वर काढलं. लाकूड सुकून आक्रसू नये म्हणून १७ वर्षं त्यावर मेणासारख्या रसायनाचा फवारा मारावा लागला. तरी २००० साली लाकडात आम्ल तयार होताना दिसलं. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलं होतं आणि गंजलेल्या खिळ्यांच्या लोखंडाने त्या प्रक्रियेला हातभार लावला. पुढे हजारो खिळे बदलावे लागले. म्हणजे जहाज वर काढणं हा खर्चाचा शेवट नाही, सुरुवात आहे, आणि ती जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या चालते.

मालकीचं म्हणाल, तर शोधणाऱ्या रौनो कोइवुसारी यांच्या चमूने हक्कासाठी न्यायालयात दाद मागितली होती, पण शंभर वर्षांहून जुनं म्हणून जहाज आणि माल सरकारचाच ठरला. मला शोधणाऱ्यांबद्दल वाईट वाटतं, त्यांनी मेहनत खूप केली होती. पण कायदा असा नसता तर कोठारं केव्हाच फोडली गेली असती.

चित्रांबाबत फार आशा धरू नका. कॅनव्हासवर रंगाखाली खळीचा थर असतो, तो पाण्यात सुटतो. गेरार्ड डाउ या डच चित्रकाराचं तीन फळ्यांचं प्रसिद्ध चित्र या जहाजाबरोबर गेलं. ते कसं होतं हे बघायचं असेल, तर लाकी नावाच्या चित्रकाराने केलेली त्याची नक्कल अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.