इंग्लंडमधल्या खेड्यात पब चालवणारा बदलला की लोक घरातलं कोणी गेल्यासारखे का वागतात? शेवटी गुत्ताच ना तो?

प्रश्न वाचून हसू आलं, कारण अकरा वर्षांपूर्वी वूस्टरशायरमधल्या या गावात राहायला आलो तेव्हा माझंही हेच मत होतं. मी मूळचा कराडकडचा. आमच्याकडे गुत्त्यावर जाणारा माणूस मागच्या गल्लीने जातो आणि तोंड पुसत परत येतो. इथे रविवारी चर्चमधून निघालेली मंडळी सरळ पबात शिरतात, मागोमाग त्यांची कुत्री. मी फारसा पीत नाही, अर्धा पाइंट (पाव लिटरहून थोडी जास्त) बिटर, म्हणजे इथली कडसर बिअर, घेऊन दीड तास बसणाऱ्यांतला. तरीही गेल्या वर्षी आमचा पब दुसऱ्याच्या हातात गेला तेव्हा पहिला महिनाभर नाक मुरडणाऱ्यांत मीही होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ निस्तरू. पब चालवणाऱ्याला इथे सगळे ‘लँडलॉर्ड’ म्हणतात, आणि बऱ्याचदा तो बिचारा भाडेकरू असतो. इमारत कंपनीची. हा वरच्या मजल्यावर बायकोपोरांसह राहतो, खाली धंदा करतो, भाडं भरतो आणि बिअरही त्याच कंपनीकडून, तिने लावलेल्या दराने उचलतो. खुल्या बाजारात तेच पिंप स्वस्त मिळतं, पण करार तसा असतो. याला ‘टाय’ म्हणतात. पूर्वी ही बांधिलकी बिअर बनवणाऱ्या कारखान्यांशी असे. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअऱ्यांनी किती पब असे बांधून ठेवावेत यावर मर्यादा घातली. त्यांनी हजारो पब विकले, आणि त्यातले बरेचसे घेतले नव्या कंपन्यांनी, ज्या बिअर बनवतच नाहीत, नुसते पब बाळगतात. आगीतून फुफाट्यात. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंसाठी वेगळी नियमावली आहे, तिच्यात ठरावीक वेळी टाय सोडून बाजारभावाने नुसतं भाडं द्यायची मागणी करता येते. पण त्यासाठी कंपनीशी भांडायची उमेद लागते. आमचं जुनं जोडपं एकोणीस वर्षं तळघराच्या पायऱ्या चढून-उतरून गुडघे घालवून बसलं होतं. त्यात भाड्याचा नवा आकडा आला. त्यांनी हात जोडले.

बाहेर पाटी लागली तेव्हा गावात सभा झाली. ‘आपणच घेऊ’ म्हणणारे बरेच निघाले. हे अगदीच हवेतलं नाही. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने २००३ मध्ये आपला पब सहकारी तत्त्वावर विकत घेतला, आणि २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने अशी वास्तू ‘गावाच्या मोलाची’ म्हणून कौन्सिलकडे नोंदवता येते. एकवीस स्थानिक लोकांचा गटही अर्ज करू शकतो. नोंद झाली की मालकाला विक्रीआधी कळवावं लागतं आणि गावाने इच्छा दाखवली तर पैसे जमवायला सहा महिने मिळतात. गोम अशी की त्यानंतरही गावालाच विकायचं बंधन मालकावर नाही, आणि चालता धंदा म्हणून विक्री असेल तर ती थांबतही नाही. आमच्याकडे तर इमारत विकायलाच नव्हती, फक्त भाडेकरू बदलणार होता. सहकाराच्या जिल्ह्यातला म्हणून मी सभेत चार शब्द बोलणार होतो, ते घशातच राहिले.

पब सोपवायचा दिवस मात्र बघण्यासारखा असतो. सकाळी हिशेबनीस आला. त्याने तळघरातल्या प्रत्येक पिंपात खुणांची काठी बुडवून किती बिअर उरली ते मोजलं, वर प्रत्येक बाटली पाहिली, खुर्च्या, ग्लास, तव्यांपर्यंत यादी केली. त्या आकड्याचा चेक नव्याने जुन्याला दिला, किल्ल्या या खिशातून त्या खिशात गेल्या. यादीत सगळं होतं, आम्ही सोडून. बारच्या टोकाला बसणारे निवृत्त पोस्टमन तेव्हाच म्हणाले, ‘आमची किंमत किती धरलीत?’ हिशेबनीस हसला. नवा माणूस हसला नाही, आणि त्याचं न हसणं गावभर झालं.

नवं जोडपं वुल्व्हरहॅम्प्टनचं, पंजाबी. पहिल्या आठवड्यात मला किमान सहा जणांनी विचारलं, ‘तुझ्या ओळखीचे का?’ कराड ते जालंधर किती मैल पडतात हे सांगून थकलो. खरं तर त्यांच्या पट्ट्यात पंजाब्यांनी पब चालवणं नवीन नाही. स्मेथिकसारख्या ठिकाणी साठच्या दशकात काही पबांच्या चांगल्या खोलीत काळ्या-सावळ्या माणसाला बिअर देत नसत. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स ते पाहायला स्वतः तिथे आले होते. त्याच वर्षीच्या कायद्याने पबात असा भेद करणं बेकायदा ठरलं. आज त्याच भागातले कितीतरी पब पंजाबी लोक चालवतात, त्यांना ‘देसी पब’च म्हणतात, आणि तिथला तव्यावर चुरचुरत येणारा मिक्स्ड ग्रिल खायला लोक लांबून येतात. आमच्या गावाला धास्ती वाटली असेल तर ती बोलून कुणी दाखवली नाही. शुक्रवारी ग्रिल सुरू झाला तेव्हा सगळ्यांत आधी ताट पुसून खाल्लं ते चर्चची घंटा वाजवणाऱ्या मंडळींनी.

तक्रार तंदूरची नव्हतीच. तक्रार होती स्टुलांची.

बारच्या टोकाला तीन उंच स्टुलं होती. तिथे बसलं की येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता येतं, मागवायला उठावं लागत नाही, आणि कोण किती वाजता कोणाबरोबर आलं याची नोंद आपोआप होते. आपल्याकडे पारावर ठरावीक म्हाताऱ्यांची ठरावीक जागा असते, तसंच. नव्या माणसाने ती तिन्ही काढली, कारण ताटं घेऊन जाणाऱ्या पोरीला वाट मिळत नव्हती. डार्ट्सचा बोर्ड काढून तिथे चार जणांचं टेबल टाकलं. डार्ट्सवाले दोन मैलांवरच्या पबात गेले ते गेलेच, अजून आलेले नाहीत. पोस्टमन मात्र गेले नाहीत. स्टूल जिथे होतं बरोबर तिथे, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, हातात ग्लास घेऊन तीन आठवडे रोज उभे राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. सत्याग्रह आपल्यालाच येतो असं नाही.

आता खरं सांगायचं तर हिशेब नव्या माणसाच्या बाजूने होता. रोजचे आठ जण धरा, प्रत्येकी दोन पाइंट. सोळा पाइंटांचे ऐंशीएक पौंड येतात. त्यातून वीस टक्के व्हॅट, बिअरची खरेदी, भाडं, वीज, पोरीचा पगार. आमच्यासारख्यांच्या जिवावर पब चालत नाही, जेवायला येणाऱ्यांवर चालतो. आम्ही मालकी हक्काने बोलतो आणि अर्धा पाइंट घेतो.

पण दुसरी बाजू तळघरात आहे, आणि ती त्यालाही उशिरा कळली. इथली खरी बिटर पिंपात जिवंत असते, तिच्यात खमीर चालू असतं. लहान पिंपाला फर्किन म्हणतात. नऊ गॅलन, म्हणजे बहात्तर पाइंट. एकदा तोटी ठोकली की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर हवा लागून बिअर मरते आणि आंबूस लागते. जेवायला येणारी कुटुंबं वाइन नाहीतर लेमोनेड पितात. सोमवार-मंगळवारी ते पिंप संपवतो कोण? तेच आठ जण. त्यांतले चार डार्ट्सबरोबर गेले आणि बिटर बिघडायला लागली. बिघडली म्हणून आणखी दोघांनी सोडली. वडे खपत नाहीत म्हणून गार, गार म्हणून कुणी घेत नाही, हे आपल्याकडचा कुठलाही गाडीवाला सांगेल. त्याने शेवटी दोनातली एक बिटर बंद केली आणि एक स्टूल परत आणलं. एकच. माफी वगैरे काही मागितली नाही, आणि मागायचं कारणही नव्हतं.

स्टुलाच्या आधीची एक गोष्ट राहिली. बारच्या वर आडव्या फळीला हुक आहेत, त्यांवर जुन्या गिऱ्हाइकांचे स्वतःचे जस्ती रंगाचे मग टांगलेले असत. रंगकामाच्या वेळी त्याने ते उतरवून खोक्यात भरले, घासून लख्ख केले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की कोणता कोणाचा हे लिहून ठेवलेलं नाही. एका मंगळवारी पब जवळजवळ रिकामा असताना त्याने खोकं माझ्यापुढे ठेवलं आणि हिंदीत म्हणाला, ‘भाईसाब, बता दो.’ मी ओळखून ओळखून टांगायला लावले. दोन उरले. त्या दोघांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तसं मी इंग्रजीत सांगितलं. ‘मग हे ठेवू आत?’ त्याने विचारलं.

मी काही बोलायच्या आत पोस्टमननी पाठ न वळवता हातातला ग्लास वर केला आणि म्हणाले, ‘डावीकडून चौथा. दुसरा त्याच्या शेजारी.’