क्रूझवर रात्रीच्या जेवणाची पहिली वेळ घ्यावी की दुसरी?

सत्तरीतले आई-वडील, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी यांना घेऊन आपण बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझला निघाला आहात, घरातील सगळे शाकाहारी आहेत आणि आरक्षण करणाऱ्या एजंटने रात्रीच्या जेवणासाठी ‘पहिली, दुसरी की मोकळी’ असा प्रश्न टाकला आहे, असे आपण लिहिले आहे. मीही पुण्याचाच असून आई-वडिलांसह अशा दोन सफरी केल्या आहेत, एक सिंगापूरहून आणि दुसरी भूमध्य समुद्रातील. पहिल्या सफरीच्या वेळी हा प्रश्न मला इतका किरकोळ वाटला की एजंटने काय भरले आहे ते मी पाहिलेही नाही, आणि तेच आम्हाला महागात पडले.

मुळात ही पंगतीची पद्धत आहे. जहाजावरील मुख्य भोजनगृहात सगळे प्रवासी एकाच वेळी मावत नाहीत, म्हणून निम्म्यांची पहिली पंगत आणि उरलेल्यांची दुसरी, असा हिशेब असतो. फरक इतकाच की आपल्या मंगल कार्यालयात जेवणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहून पान धरून ठेवावे लागते, तर जहाजावर टेबलाचा क्रमांक आपल्या खोलीच्या नावे आधीच ठरलेला असतो आणि बहुधा सफर संपेपर्यंत तोच राहतो. रंगमंचावरचे कार्यक्रमही याच्याशी जुळवून रोज दोनदा होतात, त्यामुळे पहिल्या पंगतीचे लोक जेवून कार्यक्रमाला जातात आणि दुसऱ्या पंगतीचे लोक बहुतेकदा कार्यक्रम पाहून जेवायला बसतात. ज्यांना हे बंधन नको त्यांच्यासाठी अनेक कंपन्यांनी मोकळ्या वेळेचा पर्याय ठेवला आहे, आणि नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तर 2000 सालापासून ठरलेल्या पंगतीच मोडीत काढल्या.

माझा पहिला आग्रह असा की एजंटला ‘पहिली की दुसरी’ असे उत्तर देण्याआधी घड्याळातील नेमका आकडा विचारून घ्यावा, कारण नाव तेच असले तरी वेळ समुद्रागणिक बदलते. अमेरिकी वळणाच्या जहाजांवर पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाला आणि दुसरी आठ-साडेआठला बसते. एमएससी किंवा कोस्टा यांसारख्या इटालियन वळणाच्या कंपन्यांची भूमध्य समुद्रातील जहाजे मात्र उशिरा जेवणाऱ्यांची असतात, तेथे पहिली पंगत साडेसहा-सातच्या सुमारास आणि दुसरी नऊच्या आसपास असते.

आमच्या सिंगापूरच्या सफरीत एजंटने न विचारता साडेपाचची वेळ भरली होती. साडेपाच म्हणजे आपल्याकडे चहाची वेळ, हे तर झालेच. शिवाय सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्यामुळे पोटाच्या दृष्टीने ते दुपारचे तीन होते. पोर्ट क्लांगला जहाज लागले त्या दिवशी आम्ही क्वालालंपूर पाहून, रस्त्यावरच्या गर्दीतून जेमतेम वेळेत परतलो आणि पाठीवरच्या पिशव्यांसकट तसेच टेबलावर जाऊन बसलो. वडिलांना मधुमेह आहे. संध्याकाळी साडेपाचला जेवल्यावर रात्री दहाला त्यांना पुन्हा भूक लागे, आणि मग मी वरच्या डेकवरच्या बुफेत जाऊन त्यांना चालेल असे काही शोधत फिरे. गोळीची वेळ जेवणाशी बांधलेली असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी या एका मुद्द्यावर जरूर बोलून घ्यावे.

युरोपात हे गणित नेमके उलटे होते. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते, म्हणजे रात्री नऊची पंगत ही पुण्याच्या हिशेबाने मध्यरात्रीनंतर साडेबाराची. जेवण तीन-चार टप्प्यांत येते आणि त्याला दीड तास सहज लागतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत आपली मुलगी गोड पदार्थ येईपर्यंत जागी राहील, असे मला वाटत नाही. म्हणून आपल्या जहाजावर पहिली वेळ साडेसहा-सातची असेल तर मी डोळे झाकून तीच घेईन, आणि साडेपाचची असेल तर दुसरी. फक्त बंदरांचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे. रोमसाठी जहाज चिव्हितावेक्कियाला लागते, तेथून रोम सत्तरएक किलोमीटर आहे, आणि तो दिवस संपवून माणूस जहाजावर परततो तेव्हा त्याला जेवणाआधी अंघोळ हवी असते. असा एखादा दिवस ठरलेली पंगत सोडून सरळ बुफेत जेवावे. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि कोणी रागावतही नाही. पंगतीला पाऊण तास उशिरा पोहोचणे मात्र टाळावे, कारण उशिरा आलेल्यांना बऱ्याचदा परत पाठवतात.

मोकळी वेळ ऐकायला सर्वांत सोयीची वाटते, तरीही शाकाहारी कुटुंबाला मी ती सुचवणार नाही. ठरलेल्या पंगतीचा खरा फायदा वेळेचा नसून वाढणाऱ्याचा आहे. तेथे ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात अंडे सर्रास बसते, भाज्यांच्या सुपाला कोंबडीचे पाणी असू शकते, आणि आईला चतुर्थीला काय चालते हे तर कोणत्याच छापील यादीत नसते. रोज तेच टेबल आणि तोच वाढपी असेल तर हे सारे एकदाच सांगावे लागते. तो दुसऱ्या दिवशीची यादी आदल्या रात्रीच दाखवून काय बदलून देता येईल ते विचारतो. आमच्या दुसऱ्या सफरीतला वाढपी गोव्याचा होता. तिसऱ्या रात्री त्याने न मागता वरण-भाताच्या जवळ जाणारे काहीतरी आणून ठेवले, तेव्हा आईने त्याला मनापासून आशीर्वाद दिला. मोकळ्या वेळेत दररोज नवा माणूस भेटण्याची शक्यता असते आणि अंड्याचे पुराण पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. शाकाहाराची नोंद आरक्षणातही आताच करून ठेवावी, जैन जेवण हवे असेल तर विशेषच.

आपल्या दोन खोल्यांची आरक्षणे वेगवेगळ्या क्रमांकांवर असतील तर ती एकमेकांशी जोडून द्यायला एजंटला सांगा, नाहीतर आई-वडील एका पंगतीत आणि आपण दुसऱ्या, असे होऊ शकते. टेबल फक्त कुटुंबापुरते हवे, हेही तेव्हाच नोंदवावे. हवी ती वेळ भरलेली असेल तर प्रतीक्षा यादीत नाव घालावे आणि जहाजावर चढल्याच्या दिवशी दुपारीच भोजनगृहाच्या प्रमुखाला, ज्याला तेथे मेत्र डी म्हणतात, भेटावे. त्या दुपारी टेबलांची बरीच अदलाबदल होते, आणि सोबत वयस्कर माणसे व लहान मूल आहे हे कारण तो समजून घेतो. आम्हाला दुसऱ्या सफरीत आमची वेळ अशीच, पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता मिळाली.