साल खरवडणाऱ्या मुलीला अडवू नका

प्रश्न : मुलगी सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झाडांच्या सालीवर राहणाऱ्या यीस्टच्या (पाव फुगवणाऱ्या, दारू आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या) नव्या प्रजाती शोधायच्या आणि त्यातच पीएच.डी. करायची, असं तिनं ठरवलंय. कमाटी बागेतून सालीचे तुकडे घरी आणते. सासरे म्हणतात, दारूबंदीच्या गुजरातेत यीस्ट शिकून काय मिळणार? त्यापेक्षा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करायला लावू का?
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

ताई, आधी सासऱ्यांच्या शंकेचं बघू. त्यांना हेपटायटिस बी ची लस दाखवा. ती यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये अशी पहिली भारतीय लस आणली, ती पिकिया पास्टोरिस या यीस्टच्या जोरावर. हे यीस्ट पहिल्यांदा कुठे मिळालं होतं? फ्रान्समध्ये, चेस्टनटच्या झाडातून पाझरलेल्या चिकात, शंभरेक वर्षांपूर्वी. ज्यानं ते वेचलं त्याच्या डोक्यात लस नव्हती. मुलीच्या वेडाची किंमत ठरवताना एवढी एक गोष्ट लक्षात असू द्या.

पण तिलाही काही सांगायचंय मला. नवी प्रजाती ही नोकरी नव्हे. रोजचं काम असं : निर्जंतुक सुरीनं साल खरवडायची, साखर आणि थोडं अल्कोहोल घातलेल्या द्रावणाच्या नळीत टाकायची, कापसाचा बोळा लावून आठ-दहा दिवस थांबायचं. मग सूक्ष्मजीवांचं घट्ट खाद्य भरलेल्या प्लेटवर त्या द्रावणाच्या रेघा ओढायच्या. बऱ्याचदा हिरवी-काळी बुरशीच वर येते आणि सगळं पहिल्यापासून. कधी साईच्या रंगाचा, चकचकीत, गोल ठिपका उठतो. त्यातला कणभर काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला की एकेका पेशीला बाजूला कळी फुटलेली दिसते. हे यीस्ट. मग डीएनए काढून, साधारण सहाशे अक्षरांचा एक ठरावीक तुकडा वाचून, आजवर नोंदलेल्या दीड हजारांहून जास्त प्रजातींशी ताडून पाहायचा. एक टक्क्याहून जास्त फरक निघाला, तर प्रजाती नवी असण्याची शक्यता धरून पुढे जायचं. बहुतेक वेळा ती जुनीच ओळखीची निघते. तसं झालं तरी तिला पुढची नळी भरावीशी वाटते का? माझ्या मते पीएच.डी.चा निर्णय मार्कांपेक्षा यावर घ्यावा.

आणि शोध लागतात हेही खरं. लागर बिअरचं यीस्ट दोन प्रजातींच्या संकरातून झालंय. त्यातली एक कोणती ते कळत नव्हतं. २०११ मध्ये ती दक्षिण अमेरिकेतल्या पातागोनियाच्या जंगलात, दक्षिणी बीच झाडांच्या गाठींवर सापडली. मग वडांच्या या गावात सालीवर काय राहतंय हे कुणी बघायला नको?

डिप्लोमा मात्र नको. तो दवाखान्यातल्या तपासण्यांचा वेगळा धंदा आहे. चांगला आहे, पण हिचा नव्हे. एम.एस्सी. होऊ द्या. आताच्या या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा पुण्यातल्याच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात काम शिकायला मिळतं का, यासाठी तिनं आतापासूनच पत्रं लिहावीत. एम.एस्सी.नंतर नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी.साठी महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे तुमच्यावर भार नाही. आणि पीएच.डी. नाहीच जमली, तरी यीस्ट वाढवणं, शुद्ध ठेवणं, ओळखणं हे येणारे हात लस, एन्झाइम आणि बेकरी यीस्टच्या कारखान्यांना लागतात. वडोदऱ्याच्या आजूबाजूला औषध कंपन्या काही कमी नाहीत.

दोन गोष्टींत मात्र कडक राहा. घरी नळ्या लावू देऊ नका. बुरशीचे कण घरात पसरतात. हे काम कॉलेजच्या लॅबमध्ये, शिक्षकांच्या देखरेखीखालीच. आणि बागेतली साल काढायची तर आधी परवानगी, तीही वरवरची, झाडाला जखम न करता.

या पावसाळ्यात शिक्षकांना विचारून तिला पाच झाडांचे नमुने लावू द्या. पहिली प्लेट उघडेल त्या दिवशी तुम्हीही लॅबमध्ये जा आणि ती कळी फुटलेली पेशी तिच्याकडून एकदा बघून घ्या.