वाचकांचे प्रश्न : वीस वर्षांत बुडणारं साम्राज्य

प्रश्न : माझ्या कादंबरीतलं काल्पनिक साम्राज्य वीस वर्षांत उभं राहून कोसळतं. पण ते कोसळणं वाचणाऱ्यांना पटत नाही. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा शेवटची लढाई आधी ठरली आणि कारणं मागाहून चिकटवली गेली. आधी धान्याचा हिशेब मांडा. सैनिकाला दिवसाला साधारण १ किलो धान्य, म्हणजे २०,००० जणांना २० टन. बैलगाडीत ५०० किलो धरलं तर रोज ४० गाड्या लागतात. कोठार २०० किलोमीटरवर आणि चाल दिवसाला २० किलोमीटर असेल, तर जाऊन-येऊन २० दिवस. म्हणजे ८०० गाड्या कायम रस्त्यावर. बैलांची वैरण वेगळीच! सरहद्द दुप्पट लांबली की गाड्याही दुप्पट. हा बोजा नव्याने जिंकलेल्या प्रांतांवर टाकलात, की बंडाला खरं कारण मिळतं.

मग वारसा. चीनचं छिन साम्राज्य इ.स.पू. २२१ मध्ये उभं राहिलं, सम्राट २१० मध्ये वारला, २०६ मध्ये सगळं संपलं. सक्तीची कामं, कडक शिक्षा आणि वारसाबाबतचा दरबारी कट एकत्र आले होते. तुमच्या राजाच्या मृत्यूआधी निदान दोन प्रकरणं तरी करवसुलीची कुरकुर ऐकू येऊ द्या.