वॉटल म्हणजे बाभूळच का?

मेलबर्नजवळच्या रानात पिवळ्याधमक फुलांचं झुडूप दिसलं, तिथले लोक वॉटल म्हणतात, मग मराठीत बाभूळ म्हणायचं का आणि काटे कुठे गेले, असं तुम्ही विचारलंय. गोत बाभळीचंच, पण मी बाभूळ म्हणणार नाही, कारण बाभूळ म्हटलं की आधी काटा आठवतो आणि बहुतेक वॉटलना तो नसतोच.

शब्द मात्र फार सुंदर आहे. वॉटल म्हणजे मुळात काटक्या-फोकांची विणलेली भिंत, म्हणजे आपला कूड! कारवीचा कूड करून वर शेणमाती लिंपतात ना, अगदी तेच. इंग्रज सिडनीला उतरले तेव्हा झोपड्यांसाठी ज्या झाडांचे फोक तोडले त्यांना हे नाव चिकटलं, आणि गंमत म्हणजे तेव्हाचं ते ‘ब्लॅक वॉटल’ बाभळीच्या कुळातलंही नाही, फक्त गोंडे तसे दिसतात.

ओळखताना आधी फूल बघा, बाभळीसारखा केसाळ गोंडा हवा, गोल किंवा तुऱ्यासारखा लांबट, वाटाण्याच्या फुलासारखं असेल तर वॉटल नाही. मग पान. काहींची पानं बाभळीसारखी बारीक पिसांची, पण पुष्कळांची साधी लांबट, कोयत्यासारखी वाकडी, आणि ती खरं तर पानं नाहीतच, देठच चपटा होऊन पानाचं काम करतो. बी रुजून आलेलं रोप शोधा, त्याची पहिली पानं पिसांचीच असतात, तिथे गोत कळतं. त्या चपट्या देठाच्या कडेला बहुतेक वेळा एक बारीकशी ग्रंथी पण असते. कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ पाहिली असेल तर हे पान तुम्हाला ओळखीचं वाटेल, ती यांचीच सख्खी.

एका गोष्टीचं मला खरंच वाईट वाटतं. वॉटलचं शास्त्रीय नाव अकेशिया, पण हे ग्रीक नाव मूळ इजिप्तच्या काटेरी झाडाचं, म्हणजे आपल्याच बाभळीचं. पण ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या हजाराच्या आसपास जाती, म्हणून २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नाव त्यांच्याकडे ठेवायचं ठरलं आणि बाभूळ झाली व्हॅचेलिया.

तर मराठीत लिहिताना सरळ वॉटलच लिहा, पहिल्यांदा येईल तिथे ‘बाभळीच्या गोतातलं बिनकाट्याचं झुडूप’ एवढं जोडा. तुमचं झुडूप गोल्डन वॉटल या जातीचं आहे की दुसऱ्या ते नुसत्या फुलावरून नाही सांगता येणार, पुढच्या वेळी पानाच्या बुडाचा जवळून फोटो काढा आणि शेंग मिळाली तर तिचाही.