‘किमान मानधन’ असं काही नसतं

एका वाचकांचा प्रश्न आहे: “बातम्यांत किमान वेतन, किमान मजुरी आणि किमान मानधन असे तीन शब्द दिसतात. वेतन कचेरीतल्या माणसाचं आणि मजुरी अंगमेहनतीची, असं आम्ही शाळेत शिकलो. मग मजुरांच्या कायद्याला ‘किमान वेतन’ असं नाव कसं? आणि हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे समजायचे का?”

पहिल्या दोन शब्दांचं चटकन उरकतो. शाळेत शिकवलेला तो भेद विसरा. 1948 च्या किमान वेतन अधिनियमाला जोडलेली कामांची मूळ यादी पाहा. खडी फोडणारे, विडी वळणाऱ्या, कातडी कमावणारे, तेलघाण्यावरचे, रस्त्यावर राबणारे आणि शेवटी शेतमजूर. खुर्चीत बसणारा माणूस त्यात शोधावा लागतो. कायद्याच्या मराठीत या सगळ्यांना मिळतं ते वेतनच. महिन्याचं ते वेतन आणि रोजाची ती मजुरी, ही बोलण्यातली सोय आहे. तिच्यात लहानमोठेपणा आपण घातला.

तिसऱ्या शब्दाने मात्र माझं डोकं उठतं. ‘अंगणवाडी सेविकांच्या किमान मानधनात वाढ’ हे वाक्य गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी तितकाच संताप येतो.

आमच्या शेजारच्या ताई अंगणवाडीत मदतनीस आहेत. झाडलोट करायची, पोरांना घरोघरून गोळा करून आणायचं, हात धुवायला लावायचे, खिचडी वाढायची, भांडी घासायची. मागे एकदा महिना उलटून बारा दिवस झाले तरी खात्यात पैसे नव्हते. पासबुक हातात घेऊनच त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “पगार नाही झाला अजून.” पगार म्हणाल्या. मानधन हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला आहे, तोही कार्यालयातल्या कुणाचं बोलणं सांगताना: “मानधनाला तारीख नसते, असं म्हणाले.”

आता हा शब्द मुळात काय आहे ते बघा. संस्कृतात मानधन हा शब्द पैशाला लागतच नाही, माणसाला लागतो. तप हेच ज्याचं धन तो तपोधन, तसा मान हेच ज्याचं धन तो मानधन. सरळ बहुव्रीही. भारवी या कवीच्या किरातार्जुनीय या संस्कृत महाकाव्यात पहिल्याच सर्गात वनेचर, म्हणजे पांडवांचा वनवासी हेर, येऊन युधिष्ठिराला दुर्योधनाच्या कारभाराची खबर देतो. दुर्योधनाचे योद्धे कसे आहेत? ‘महौजसो मानधना धनार्चिताः’. महातेजस्वी, मान हेच धन समजणारे आणि धनाने सत्कारलेले! ‘मानधन’ला अगदी खेटून ‘धनार्चित’. नुसत्या नादासाठी भारवीने हे दोन शब्द शेजारी बसवले असतील, असं मला कधीच वाटलं नाही. मान त्या योद्ध्यांचा स्वतःचा आहे, तो त्यांना कुणी दिलेला नाही. राजाने द्यायचं ते धन, आणि तो ते देतो. म्हणून ते त्याच्यासाठी प्राण पणाला लावतात, असंच तो श्लोक पुढे सांगतो. त्याच सर्गात थोडं आधी म्हटलं आहे, ‘निरत्ययं साम न दानवर्जितम्’. त्याचं गोड बोलणं कधी देण्यावाचून नसतं. हे वर्णन शत्रूच्या हेराने केलेलं आहे आणि ते दुर्योधनाचं आहे. भारवीला जे कळत होतं ते आपण शब्द उलटा करून घालवलं. बहुव्रीहीचा तत्पुरुष केला: मानाचं धन, मानापुरतं धन.

शब्दाचा अर्थ बदलला म्हणून मी रडत नाही. व्याख्यानाला बोलावलेल्या पाहुण्यांना नारळ, शाल आणि पाकीट देतात, त्या पाकिटाला मानधन म्हणावं. शब्द शोभतो, कारण पाहुण्यांची चूल त्या पाकिटावर पेटत नाही. पण म्हणूनच त्या पाकिटाला ‘किमान’ नसतं. किमान ठरतं ते ज्यावर जगायचं त्याचं. ‘किमान मानधन’ म्हणणारा माणूस एका श्वासात सांगतो की यावर हिचं पोट आहे, आणि दुसऱ्या श्वासात सांगतो की हा फक्त मानाचा विडा आहे.

काही भाषाप्रेमी, आणि त्यांत माझ्याहून खूप जास्त वाचलेले लोक आहेत, असं मांडतात की मानधन हा वेतनापेक्षा वरचा शब्द आहे, वेतन म्हटलं की सेवेतला भाव उणावतो. हे साफ चुकीचं आहे. भाव जपायचा होता तर मार्च 2018 मध्ये याच सेविकांना मेस्मा का लावला होता? अत्यावश्यक सेवेचा कायदा मानाच्या पाहुण्याला लावत नाहीत, नोकराला लावतात. ओरड झाल्यावर तो स्थगित करावा लागला ही गोष्ट वेगळी. आणि एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात सांगितलं की त्यांना मिळणारं मानधन हे उपदान कायद्याच्या व्याख्येत वेतनच आहे, म्हणून त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. न्यायालयाने शब्दाचं साल सोलून आतला गर पाहिला. कोशकारांनी तेवढं तरी करावं.

वेतन या शब्दाला तर पाणिनीची साक्ष आहे. ‘वेतनादिभ्यो जीवति’ असं सूत्रच आहे. वेतनावर जगतो तो वैतनिक. प्रत्यय लावण्यासाठी पाणिनीला ‘काम करतो’, ‘मिळवतो’ असे अर्थ घेता आले असते, त्याने ‘जगतो’ हा घेतला. संस्कृत कोशांत वेतनाची व्युत्पत्ती अज्, म्हणजे हाकणे, या धातूकडे नेतात आणि अज् च्या जागी वी येतो असं सांगतात. व्याकरणाची वाट निर्दोष असेल, मला ती रुचत नाही. वी हा स्वतंत्र धातू धातुपाठात आहे आणि त्याच्या अर्थांत ‘खादन’ दिलेलं आहे. खाणं! जगण्याचं सूत्र डोळ्यांसमोर असताना खाण्याचा धातू सोडून गुरं हाकण्याच्या धातूकडे का जावं? हे माझं मत आहे आणि मी ते सोडणार नाही.

याच ‘जीवति’चा हिशेब 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने मांडला. कमावत्या माणसामागे तीन खाती तोंडं, प्रत्येकी 2700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, वर घरभाडं आणि जळण. किमान वेतन वाढवायचं की नाही यावरची भांडणं अजूनही याच यादीभोवती फिरतात. देशभरासाठी खालची मर्यादा म्हणून 2017 मध्ये दिवसाला 176 रुपये ठरले. 2019 मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या सत्पथी समितीने खाण्यापिण्याचा नवा हिशेब करून 375 सुचवले. म्हणजे दुपटीहून जास्त. इतकं अंतर पडतं तेव्हा वाद दराचा राहत नाही, 176 ला वेतन म्हणायचं का, असा शब्दाचाच होतो.

आणि मजुरीला फारसी म्हणून हिणवणाऱ्यांनी जरा थांबावं. मजूर हा फारसी मुज्दूर. मुज्द म्हणजे मोबदला. अवेस्तेतला मीझ्द, ग्रीकमधला मिस्थॉस आणि ऋग्वेदातला मीळ्ह, म्हणजे जिंकलेलं बक्षीस, ही सगळी एका आईची लेकरं. त्या शब्दात घाम नाही, कष्ट नाहीत, ओझं नाही. मोबदला ज्याचा आहे तो मजूर. मोबदला काढून घेतला तर उरतो तो वेठीला धरलेला माणूस. वेठ ही संस्कृत विष्टीची लेक, बिगार फारसीतून आलेली. एकाच अर्थाचे दोन शब्द, कागदपत्रासारखे जोडून आपण वेठबिगार केला. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, दिल्लीच्या एशियाडसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं हे संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने मनाई केलेलं वेठीचं काम आहे, असंच म्हटलं.

पगार राहिलाच. तो पोर्तुगीजांचा. त्यांच्या ‘पागार’च्या मागे लॅटिन ‘पाकारे’ आहे: शांत करणं, आणि पुढे घेणेकऱ्याचं समाधान करणं. ताईंचे पैसे त्या महिन्यात एकोणीस तारखेला आले. ताई आधी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेल्या, वहीतलं नाव खोडून घेतलं आणि येताना आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “झाला बाई पगार.”